मिक्सरला हात लावला की झिणझिणतं? चपला घालून हा प्रश्न सुटत नाही

"मिक्सर लावताना चपला घाल गं, करंट येतो त्याला." हे वाक्य तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या घरी नक्की ऐकलं असेल. फ्रिजच्या दाराला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, हेही घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. मग पायाखाली पाट येतो, रबरी चप्पल येते आणि सगळ्यांना त्याची सवय होऊन जाते.

पण ती झिणझिण म्हणजे घराच्या वायरिंगने दिलेली सूचना असते. जी वीज वायरच्या आत राहायला हवी, ती बाहेर आली आहे आणि तिला जमिनीत जायला दुसरा रस्ता मिळालेला नाही, असा तिचा अर्थ. चप्पल घातल्याने तुम्हाला ती सूचना ऐकू येत नाही, एवढंच. बिघाड तिथेच राहतो आणि एखाद्या दिवशी कुणीतरी अनवाणी, ओल्या हाताने तिथे येतं.

शॉक नेमका का बसतो?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. ती फेज वायरने उपकरणात येते आणि न्यूट्रलने परत जाते. आतल्या वायरचं आवरण फाटलं, पाणी शिरलं किंवा हीटर कॉइल खराब झाली की फेजचा संबंध उपकरणाच्या धातूच्या भागाशी येतो. अशा वेळी तुम्ही हात लावलात, तर वीज तुमच्या शरीरातून जमिनीत जाते.

यासाठी फार मोठा प्रवाह लागत नाही. साधारण १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे, तो किती वेळ वाहतो यानुसार, हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सुरू होतो. कोरडी त्वचा विजेला बराच अडथळा करते, ओली त्वचा फारच कमी. म्हणून तेच उपकरण हिवाळ्यात फक्त झिणझिणतं आणि ओट्यावर पाणी सांडलेलं असताना जिवावर बेतू शकतं.

तिसरी पिन कशासाठी असते?

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची पिन. लांब असल्यामुळे प्लग लावताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. ती उपकरणाच्या धातूच्या बॉडीला अर्थ वायरने जमिनीशी जोडते. आतमध्ये फेज बॉडीला टेकला, तर वीज तुमच्यातून जाण्याऐवजी या सोप्या रस्त्याने जाते.

ही पिन कापून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून उपकरण चालतं, कारण चालण्यासाठी अर्थिंग लागतच नाही. ते फक्त बिघाडाच्या वेळी लागतं. म्हणूनच ते तुटलेलं असलं, तरी वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

हँड ब्लेंडरसारख्या काही वस्तूंना मुळातच दोन पिना असतात. त्यांच्या लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर त्यांना दुहेरी आवरण आहे आणि अर्थिंगची गरज नाही. ज्याला कंपनीनेच तीन पिना दिल्या आहेत, त्याला तिन्ही हव्यात.

एमसीबी आहे, मग शॉक कसा बसतो?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाला धोकादायक असलेले ३० मिलिअँपिअर हा त्याचा पाचशेवा भागही नाही. तुम्हाला शॉक बसत असताना एमसीबीला त्याचा पत्ताही नसतो.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेली वीज आणि न्यूट्रलने परत आलेली वीज तो सतत ताडून बघतो. दोन्ही सारख्या असतील तर ठीक. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी गळते आहे, असं धरून तो सेकंदाच्या एका छोट्या भागात पुरवठा तोडतो.

अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला? याचं उत्तर एका गणितात आहे. सोसायटीच्या किंवा घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे असं समजा. फेज बॉडीला टेकल्यावर त्यातून २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी यावर पडणारच नाही आणि बॉडीत वीज तशीच राहील. उन्हाळ्यात जमीन सुकली की हा रोध आणखी वाढतो. आरसीसीबीला मात्र ३० मिलिअँपिअर पुरतात. म्हणून दोन्ही हवेत.

घरात आरसीसीबी आहे का, हे कसं ओळखायचं?

मीटरजवळची किंवा घरातली स्विचची पेटी उघडून बघा. ज्यावर "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं छोटं बटण आहे, तो आरसीसीबी. त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं आहे का ते वाचा. १०० किंवा ३०० चा असेल, तर तो मुख्यतः आग टाळण्यासाठी असतो, माणसाला वाचवायला तो पुरत नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी हे बटण दाबून बघा. वीज लगेच गेली पाहिजे. गेली नाही, तर तो निकामी आहे. पण एक लक्षात ठेवा: बटण दाबल्यावर वीज गेली, म्हणजे आरसीसीबी चांगला आहे एवढंच कळतं. अर्थिंग चांगलं आहे का, ते कळत नाही. त्यासाठी वायरमनकडून मीटर लावूनच तपासणी करून घ्यावी लागते.

अर्थिंग नसलेल्या घरात काही जण बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ यांना एका वायरने जोडून देतात. हे कधीही करू देऊ नका. मागे न्यूट्रल कुठे तुटला, तर त्या बोर्डावरच्या प्रत्येक उपकरणाच्या बॉडीत पूर्ण २३० व्होल्ट येतात.

बिघाड शोधायचा कसा?

उपकरण न उघडता बरंच काही कळतं. सुरुवात पेटीपासून करा: नेमकं काय पडलं?

आरसीसीबी पडला असेल, तर गळती आहे. सगळे प्लग काढा, आरसीसीबी वर करा आणि एकेक उपकरण लावत जा. ज्याच्यावर तो पुन्हा पडेल, ते दोषी. सगळे प्लग काढूनही पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे.

एमसीबी काही वेळाने पडत असेल, तर बहुधा लोड जास्त आहे. २००० वॅटची इंडक्शन शेगडी आणि १५०० वॅटची किटली एकत्र लावली, तर ३५०० भागिले २३०, म्हणजे १५ अँपिअरच्या वर जातात. या दोन्ही गोष्टी ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावल्या, तर एमसीबी पडण्याआधी तो बोर्ड वितळू शकतो. एमसीबी वर करताक्षणी पडत असेल, तर शॉर्ट सर्किट आहे. पुन्हा पुन्हा वर करून बघू नका.

आता नेहमीची लक्षणं बघू.

मिक्सर अचानक बंद पडला: तो आधी बोर्डावर बंद करा, प्लग काढा आणि थंड होऊ द्या. खाली ओव्हरलोडचं छोटं बटण असतं, ते दाबा. इडलीचं घट्ट पीठ किंवा जास्त भरलेलं भांडं हे नेहमीचं कारण.

मोटर फिरते, पातं फिरत नाही: कपलर झिजला आहे. यात विजेचा दोष नाही.

भांड्याखालून पाणी गळतं: याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. भांड्याच्या बुडाचा बुश किंवा वॉशर गेला की चटणीचं पाणी थेट मोटरवर उतरतं. मिक्सरला करंट येण्याचं हे एक मोठं कारण आहे. भांडं दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

मोटरजवळ मोठ्या ठिणग्या आणि जळका वास: कार्बन ब्रश संपले असण्याची शक्यता आहे. दुरुस्तीला द्या.

पावसाळ्यानंतर ओव्हन लावला की आरसीसीबी पडतो: हीटरच्या नळीत भरलेली पांढरी पूड हवेतला ओलावा शोषते आणि बंद राहिलेल्या ओव्हनमध्ये गळती सुरू होते. कोकणात, मुंबईत हे हमखास होतं. ओव्हन सर्व्हिस सेंटरला दाखवा. ओव्हन चालावा म्हणून अर्थची वायर काढणं किंवा आरसीसीबी बाजूला टाकणं म्हणजे जिवाशी खेळ.

प्लग गरम होतो, पिन काळी पडते: आतला संपर्क सैल आहे. फक्त प्लग बदलून भागत नाही, सॉकेटही बदला. नाहीतर सैल सॉकेट नवा प्लगही जाळतं.

टेस्टरवर किती विश्वास ठेवायचा?

टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे, इतकंच कळतं. टेस्टर पेटतो पण उपकरण चालत नाही, आणि उपकरण लावलेलं असताना बोर्डाच्या दोन्ही भोकांत पेटतो, असं झालं तर न्यूट्रल तुटला असण्याची शक्यता मोठी. उलट टेस्टर पेटला नाही, म्हणून वीज नाही असं समजू नका. तो खराब असू शकतो. आधी चालू असलेल्या पॉइंटवर त्याची खात्री करून घ्या. फ्रिजच्या बॉडीवर टेस्टर पेटत असेल, तर प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या.

काय अजिबात उघडू नये?

मायक्रोवेव्ह. त्याच्या आत हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर काही काळ भरलेला राहू शकतो. इंडक्शन शेगडीही घरी उघडू नका. वरची काच तडकली असेल, तर ती वापरणं लगेच थांबवा, उतू गेलेलं पाणी थेट आत जातं. कोणतंही उपकरण पुसण्याआधी स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा. काही जुन्या बोर्डांत स्विच चुकून न्यूट्रलवर असतो आणि बंद केल्यावरही फेज आत राहतो.

कुणाला शॉक बसला तर?

त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरपासून दूर करा. १०८ किंवा ११२ वर फोन करा. श्वास चालत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यायला सुरुवात करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला, तरी जोरदार शॉक असेल तर डॉक्टरांना दाखवाच. पेटलेल्या उपकरणावर वीज बंद केल्याशिवाय पाणी ओतू नका.

थोडक्यात

झिणझिण्या आल्या की प्लग काढा, उपकरण बाजूला ठेवा. पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते आज बघा आणि त्याचं बटण दाबा. अर्थिंग एकदा वायरमनकडून मोजून घ्या. भाड्याचं घर असेल, तर घरमालकांशी बोला. हा खर्च घरातल्या बहुतेक उपकरणांच्या किमतीपेक्षा कमी असतो. आणि पुढच्या वेळी कुणी "चपला घाल" म्हणालं, तर चपला जरूर घाला, पण वायरमनलाही फोन करा.