सरमेचे दूध आणि कारागृहाचे फाटक

कारागृहात अमली पदार्थ हुडकण्यासाठी प्रशिक्षित श्वान नेण्याची कल्पना आधुनिक वाटते. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न फार जुना आहे. शोधावर धाडलेल्यालाच कोणी फितवले, तर काय करावे?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०८ व्या सूक्तात इंद्राची दूती सरमा गाईंच्या शोधात रसा नदी ओलांडून पणींपर्यंत पोहोचते. पणी तिला बहीण मानायला आणि गाईंचा वाटा द्यायला तयार होतात. ती नकार देते. परंपरेने जिला देवशुनी म्हटले त्या सरमेची कथा ‘बृहद्देवते’त मात्र वेगळे वळण घेते. तेथे ती वाटा नाकारते, पण गाईंचे दूध मागून पिते आणि परतल्यावर गाई दिसल्याच नाहीत असे सांगते. इंद्राची लाथ बसताच ती दूध ओकते व भयाने पणींकडे धावते. तिच्या मागावरून इंद्र पुढे जातो. एकाच शोधक श्वानाविषयी निष्ठेची आणि फितुरीची अशा दोन्ही कथा परंपरेने जपल्या, हे अर्थपूर्ण आहे.

हीच शंका १८९४ च्या कारागृह अधिनियमात दिसते. त्याच्या ४२ व्या कलमाने निषिद्ध वस्तू तुरुंगात नेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, २०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरवल्या. आणि ती वस्तू जाणूनबुजून आत येऊ देणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्यातून वगळले नाही. वाशिम तेव्हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. (१९०५ मध्ये तो मोडला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला.) त्याच सुमारास, १८९३-९४ मध्ये, गांजा-भांगेची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने वऱ्हाडातील साक्षीही नोंदवल्या आणि सरसकट बंदीऐवजी कर व परवान्याचा मार्ग सुचवला. बाजारात गांजा बंद झाला तो बऱ्याच काळाने, १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने. तुरुंगाच्या फाटकावरची झडती मात्र त्याहून कितीतरी जुनी. तरीही २०२२ मध्ये नागपूर मध्यवर्ती कारागृहात न्यायालयातून परतलेल्या एका कच्च्या कैद्याच्या फाईलमधून गांजा आणि मोबाईलच्या बॅटऱ्या निघाल्या. हाताने घेतलेल्या झडतीला मर्यादा असतात. म्हणून नाकाची आठवण होते.

मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ मध्ये उभे राहिले, आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके हुडकणाऱ्या ‘झंजीर’ने श्वानाच्या नाकाविषयीचा लोकविश्वास दृढ केला. हे नाक कसे घडवतात, हे पाहण्यासारखे आहे. श्वानाला गांजाचे आकर्षण नसते; त्या वासाशी त्याच्या आवडत्या चेंडूची सांगड घातलेली असते. वास येताच तो बसतो आणि चेंडूची वाट पाहतो. म्हणजे श्वानही बक्षिसासाठीच काम करतो. मात्र त्याचे दूध पणींच्या नव्हे, इंद्राच्या हातात असते.

त्याचे बळ आणि त्याची दुर्बलता, दोन्ही येथेच आहेत. कैदी त्याला फितवू शकत नाही, पण चेंडू धरणाऱ्याची अपेक्षा तो ओळखू शकतो. कॅलिफोर्नियात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ जोड्यांची परीक्षा झाली. जागेत कोणताही वास ठेवलेला नव्हता. पण तो आहे असे हस्तकांना सांगितले होते. बहुतेक जोड्यांकडून खोटे इशारे आले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या लोकपालांनी २००६ मध्ये दहा हजारांहून अधिक इशारे तपासले, तेव्हा जेमतेम चौथ्या हिश्श्यात अमली पदार्थ सापडला. आपल्याकडे १९६९ मध्येच, महाराष्ट्रातील एका रेल्वे घातपाताच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला होता. श्वान साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, माणसाचे स्वातंत्र्य त्याच्या तर्कावर सोपवावे काय, हे आक्षेप न्यायालयाने नोंदवले. अंतिम नियम सांगितला नाही आणि निकाल इतर पुराव्यावर दिला.

रिसोडहून किंवा मानोऱ्याहून मुलाच्या भेटीला आलेल्या आईसमोर श्वान बसला, तर त्या बसण्याचा अर्थ झडतीपुरताच राहावा. भेट नाकारण्याचे ते कारण होऊ नये. ज्या इशाऱ्यांतून काहीच निघाले नाही, त्यांचीही नोंद व्हावी. सरमेने दूध प्यायले की नाही, हे कळायला इंद्राला लाथ मारावी लागली. आपल्याला एक नोंदवही पुरेल.