पाच डॉलर पस्तीस सेंटांचा लिलाव

१/ साल १९३१. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील मॅडिसन काउंटी. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा.) कर्ज थकलेल्या एका शेतकरी कुटुंबाच्या अंगणात बँकेने लिलाव पुकारला होता. दीडशेच्या आसपास शेतकरी जमले. पहिल्या अवजाराला पाच सेंटांची बोली आली. कुणी ती वाढवू पाहिली, तेव्हा त्याला दरडावून गप्प करण्यात आले. लिलाव संपला तेव्हा एकूण जमा होते ५ डॉलर ३५ सेंट.

२/ अशा लिलावांना पुढे ‘पेनी ऑक्शन’ हे नाव पडले. शेजाऱ्यांनी कवडीमोलाने वस्तू विकत घ्यायच्या आणि त्याच दिवशी मूळ मालकाला परत करायच्या, अशी ही रीत. वरवर गमतीची वाटणारी ही घटना प्रत्यक्षात कर्ज, कायदा आणि समाज यांच्यातील अत्यंत गंभीर संघर्षाचा भाग होती. आजचा थ्रेड त्या संघर्षाविषयी.

३/ पार्श्वभूमी अशी. पहिल्या महायुद्धात धान्याचे भाव चढले, त्यासोबत जमिनीचेही. शेतकऱ्यांनी जमिनी गहाण टाकून आणखी जमिनी घेतल्या. १९२० नंतर भाव कोसळू लागले. आयोवा राज्यात १९३३ पर्यंत जमिनीची किंमत १९२० च्या एकतृतीयांशाहूनही खाली आली. कर्जाचा आकडा मात्र होता तेवढाच राहिला.

४/ हप्ता थकला की सावकार न्यायालयात जाई. हुकूमनामा निघाला की काउंटीचा शेरीफ न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून जमिनीचा लिलाव करी. सावकार स्वतःही बोली लावू शके, आणि त्याला रोख रक्कम मोजावी लागत नसे. येणे असलेल्या रकमेतूनच ती वळती होई. मंदीत तर त्याच्याखेरीज दुसरा ग्राहक क्वचितच असे.

५/ खरी मेख पुढे आहे. समजा, कर्ज १०,००० डॉलरचे आहे आणि सावकाराने ७,००० ची बोली लावून जमीन घेतली. उरलेल्या ३,००० साठी तो शेतकऱ्यावर नवा हुकूमनामा मिळवू शके. म्हणजे जमीन गेली, तरी कर्ज पाठीस लागलेलेच. लिलावातील स्वस्ताई एकाच्या लाभाची असली, तरी तिची भरपाई दुसऱ्याला करावी लागे.

६/ जानेवारी १९३३ मध्ये आयोवातील ले मार्स या गावी नेमके हेच घडू पाहत होते. न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीच्या वकिलाने कर्जापेक्षा कमी रकमेची बोली लावली. पायऱ्यांसमोर जमलेल्या शेतकऱ्यांनी त्याला पकडले, फाशी देण्याची धमकी दिली. त्याने कंपनीला तार केली आणि अखेर बोली पूर्ण कर्जाएवढी वाढवण्यात आली. जमीन वाचली नाही. पण मागे बाकीही उरली नाही.

७/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पेनी ऑक्शनची युक्ती मुख्यतः जंगम मालावर चाले: गायी, घोडे, नांगर, यंत्रे. अंगणातील विक्रीत शेजारी गर्दी करून परक्या ग्राहकाला दूर ठेवू शकत. परंतु पायऱ्यांवर सावकार स्वतःच बोली लावी, तेव्हा जमिनीसाठी ही युक्ती सहसा अपुरी पडे. शेजाऱ्यांची एकजूट गाय वाचवू शके. शेत वाचवण्यासाठी कायदाच बदलावा लागणार होता.

८/ या एकजुटीचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकू नये. अनेक लिलावांच्या वेळी कोठाराला दोरीचा फास टांगलेला असे. बाहेरून येणाऱ्या ग्राहकासाठी तो इशारा होता. २७ एप्रिल १९३३ रोजी ले मार्स येथेच न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांनी जप्तीचे हुकूम न देण्याचे वचन नाकारले. जमावाने त्यांना न्यायासनावरून ओढून गावाबाहेर नेले आणि गळ्यात दोर अडकवला. ते जिवंत सुटले. राज्यपालांनी तेथे लष्करी कायदा पुकारला.

९/ दरम्यान कायदेमंडळे हलू लागली होती. आयोवाने फेब्रुवारी १९३३ मध्ये जप्तींना स्थगिती देण्याची तरतूद केली. १८ एप्रिल १९३३ रोजी मिनेसोटानेही तसा कायदा केला. लिलावानंतर ठरावीक मुदतीत पैसे भरून मालमत्ता सोडवून घेण्याचा मालकाला हक्क असे. ही मुदत न्यायालयांना १ मे १९३५ पर्यंत वाढवता येऊ लागली.

१०/ हा कायदा सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तो मिनियापोलिसमधील ब्लेझडेल दांपत्याच्या घरामुळे. १९३२ च्या लिलावात ते घर ३,७००.९८ डॉलरला सावकार संस्थेनेच घेतले होते. मुदतवाढ मिळाली, पण फुकट नव्हे: दरमहा ४० डॉलर भरण्याची अट होती. ८ जानेवारी १९३४ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा वैध ठरवला.

११/ विरोधी मत उडवून लावण्याजोगे नव्हते. न्यायमूर्ती सदरलँड यांचा मुद्दा असा की, राज्यांनी करार मोडू नयेत हे कलम संविधानात आले तेच मुळी अडचणीच्या काळात ऋणकोंना दिलेल्या सवलती रोखण्यासाठी. शिवाय बँकेच्या मागे ठेवीदार होते, आणि त्या वर्षांत हजारो बँका बुडाल्या होत्या. एकाला मिळालेली सवलत म्हणजे दुसऱ्याच्या पैशाला लागलेला विलंब, हे नाकारता येत नाही.

१२/ पुढे १९३४ चा शेतकरी दिवाळखोरीविषयक फ्रेझर-लेम्के कायदा न्यायालयाने १९३५ मध्ये रद्द केला; सुधारून पुन्हा केलेला कायदा १९३७ मध्ये टिकला. कायद्याने कर्ज पुसून टाकले नाही. त्याने शेतकऱ्याला वेळ दिला, आणि त्या काळात वेळ हीच सर्वांत दुर्मीळ गोष्ट होती.

१३/ अमेरिकेच्या काउंट्यांत असे लिलाव आजही होतात. अनेक ठिकाणी ते आता ऑनलाइन भरतात. ग्राहकाला तेथे दिसतात ते पत्ता आणि आकडा. १९३१ च्या त्या अंगणात मात्र बोली लावणाऱ्याला मालकाच्या डोळ्यांदेखत उभे राहावे लागे. लिलावाचे कायदे वाचताना हा फरक मनात ठेवावा, एवढेच सुचवावेसे वाटते.

थ्रेड समाप्त. शंका आणि दुरुस्त्या जरूर कळवाव्यात.