श्रमण आणि ब्राह्मण : शिलालेखांची साक्ष

पाणिनीच्या अष्टाध्यायीत द्वंद्व समासाविषयी एक सूत्र आहे. ज्यांचे वैर कायमचे, अशा दोघांची नावे समासात एकत्र आली म्हणजे तो समास एकवचनी होतो, असा त्या सूत्राचा आशय. साप आणि मुंगूस हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. पण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात या नियमाची चर्चा करताना निराळीच जोडी पुढे ठेवली : श्रमण आणि ब्राह्मण. वेदप्रामाण्य मानणारे आणि ते नाकारणारे यांचे वैर व्याकरणाचे उदाहरण होण्याइतके त्या काळी प्रसिद्ध होते, असा याचा अर्थ.

परंतु पतंजलीच्या सुमारे शंभर वर्षे आधी अशोकाने गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेवर हीच जोडी कोरविली होती. तेथे मात्र वैराचा मागमूस नाही. ब्राह्मणांना आणि श्रमणांना दान देणे हे सत्कृत्य होय, असे तो राजा सांगतो. आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा वस्तुतः आपल्याच पंथाची हानी करतो, असेही त्याने बजावले आहे. आज दिल्लीत असलेल्या त्याच्या एका स्तंभावरील लेखात बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीवक आणि निर्ग्रंथ म्हणजे जैन, या सर्वांची काळजी वाहण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे.

मग खरे कोणाचे मानावे? वैयाकरणाचे की राजाचे? हिंदू, बौद्ध आणि जैन या धर्मांच्या परस्परसंबंधाचा सारा इतिहास या एका प्रश्नात सामावलेला आहे. एका वृक्षाच्या तीन शाखा म्हणून तो संबंध सांगणारे आहेत, तसे तो अखंड संघर्ष म्हणून सांगणारेही आहेत. दोन्ही वर्णने सोयीची आहेत. पण शिलालेख आणि ताम्रपट वाचू लागले म्हणजे दोन्ही अपुरी पडतात.

नाशिकजवळच्या लेण्यांतील साक्ष या दृष्टीने मोलाची आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने तेथील भिक्षूंसाठी एक लेणे खोदविले. त्या लेण्यातील लेखात त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे. तीन लक्ष गाई, देवांना आणि ब्राह्मणांना दिलेली सोळा गावे, वर्षाकाठी एक लक्ष ब्राह्मणांना भोजन असे ते दान आहे. त्याच दात्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक असे व्याज ठरले. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस कार्षापण होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा याप्रमाणे ते बरोबर पुरते! मूळ रकमेला हात लावावयाचा नाही, ही अटही लेखात आहे. ब्राह्मणांना गाई देणारा आणि भिक्षूंच्या वस्त्रांचा इतका चोख हिशेब घालणारा माणूस एकच होता, आणि यात त्याला काही विसंगत वाटले नाही.

त्याच टेकडीवर सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी अद्वितीय ब्राह्मण होता, त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, असे ती अभिमानाने सांगते. पण हे गौरववचन कोरले आहे ते बौद्ध भिक्षूंना अर्पण केलेल्या लेण्याच्या भिंतीवर.

हा केवळ दक्षिणेचा प्रकार नव्हे. इ. स. ६२८ मधील हर्षवर्धनाच्या बांसखेडा ताम्रपटात एकाच घराण्याची वंशावळ दिलेली आहे. तीत पिता प्रभाकरवर्धन सूर्याचा परमभक्त, ज्येष्ठ बंधू राज्यवर्धन परमसौगत म्हणजे बुद्धाचा उपासक, आणि स्वतः हर्ष परममाहेश्वर आहे. बंगालचा बौद्ध राजा धर्मपाल याने एका नारायणमंदिरासाठी चार गावे दिल्याचे खालिमपूरचा ताम्रपट सांगतो. राष्ट्रकूट अमोघवर्ष जैन आचार्य जिनसेनांच्या चरणी लीन होता. पण प्रजेवरील संकट टळावे म्हणून त्याने आपले बोट महालक्ष्मीला अर्पण केले, असे ८७१ मधील संजान ताम्रपटात नमूद आहे.

दानात जी सहिष्णुता दिसते ती विचारात मात्र नव्हती, आणि हे उत्तमच झाले. दिङ्नागाने न्यायदर्शनावर आघात केला, उद्योतकराने त्याला उत्तर दिले, धर्मकीर्तीने त्या उत्तराचा समाचार घेतला, आणि पुढे वाचस्पती मिश्र व उदयन यांनी पुन्हा प्रतिवाद केला. भारतीय तर्कशास्त्र वाढले ते या शतकानुशतकांच्या वादातून. प्रतिपक्षाचे खंडन करावयाचे तर आधी त्याचा ग्रंथ समजून घ्यावा लागे. जैन आचार्य हरिभद्रांनी तर न्यायप्रवेश या बौद्ध ग्रंथावर टीका लिहिली.

कथांची देवघेव याहून गुंतागुंतीची. जैनांनी रामकथा स्वीकारली. पण विमलसूरीच्या प्राकृत रामायणात रावणाला लक्ष्मण मारतो, कारण अहिंसाव्रती रामाच्या हातून तो वध घडणे जैनांना मान्य नव्हते. पुराणांनी बुद्धाला विष्णूच्या अवतारांत स्थान दिले. परंतु अनेक ठिकाणी तो असुरांना मोहात पाडण्यासाठी झालेला अवतार म्हणून. हा सन्मान आणि हा अव्हेर एकाच वाक्यात नांदतात. आपलेसे करणे म्हणजे नेहमीच आदर करणे नव्हे, हे येथे विसरता येत नाही.

शिवाय संघर्ष झालेच नाहीत असेही नाही. कर्नाटकातील अब्लूर येथील लेखात एकांतद रामय्या या शैव भक्ताने जैनांशी पैज लावून जिनमूर्ती फोडल्याचे, आणि बिज्जळ राजाने त्याला जयपत्र दिल्याचे वर्णन आहे. त्यातील चमत्कार बाजूस ठेवला तरी ही घटना अभिमानाने कोरून ठेवावीशी वाटली, हे सत्य उरतेच. दान देणारा हात आखडला की काय होते, हेही इतिहासाने दाखविले. राजाश्रय आणि मोठमोठे विहार यांवर विसंबलेला बौद्ध संघ, आश्रय आटल्यावर आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस मगधातील विहारांवर तुर्की आक्रमणे झाल्यावर, देशाच्या बहुतेक भागांतून लोपला. जैन धर्म टिकला, याचे एक मोठे कारण म्हणजे व्यापारी श्रावकांचा त्याला असलेला भक्कम आधार.

श्रवणबेळगोळ येथील १३६८ चा शिलालेख या सर्व कहाणीवर प्रकाश टाकतो. जैन आणि श्रीवैष्णव यांच्यात तंटा झाला, आणि अन्याय होत असल्याची तक्रार जैनांनी विजयनगरचा राजा पहिला बुक्क याच्याकडे नेली. राजाने जैनांचा हात वैष्णवांच्या हाती दिला आणि दोन्ही दर्शनांत भेद नाही असे जाहीर केले. पण तो एवढ्यावर थांबला नाही. जैनांचे मंगलवाद्यांचे आणि कलशाचे पूर्वापार हक्क कायम केले गेले. बेळगोळच्या देवाच्या रक्षणासाठी वीस माणसे वैष्णवांनी नेमावी, त्यासाठी प्रत्येक जैन घराने वर्षाला एक हण द्यावा, आणि उरलेल्या पैशातून मोडकळीस आलेल्या जिनमंदिरांना चुना लावावा, असे ठरले. राजाची घोषणा उदात्त होती. पण तिला टिकाऊपणा आला तो या हण, पहारा आणि चुना यांच्या तपशिलाने.

पतंजली आणि अशोक हे दोघेही खरेच बोलत होते. मतभेद मूलभूत होते : वेदांचा अधिकार, यज्ञातील हिंसा, आत्म्याचे अस्तित्व, जन्मावरून ठरणारी प्रतिष्ठा. यांतील शेवटचा प्रश्न तर विसाव्या शतकातही जिवंत होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला, तेव्हा श्रमणांनी विचारलेला जुनाच प्रश्न त्यांनी नव्याने विचारला होता. त्या प्रश्नाला, सारे धर्म मुळात एकच आहेत, हे उत्तर पुरेसे होत नाही.

भेद नाहीसा झाल्यामुळे हे पंथ एका भूमीवर नांदले नाहीत. भेद कायम ठेवूनही दुसऱ्याच्या चीवराचे व्याज वेळेवर पोहोचविणारी आणि त्याच्या मंदिराच्या चुन्याची तरतूद करणारी व्यवस्था जेथे उभी राहिली, तेथे ते नांदले. जेथे ती मोडली, तेथे व्याकरणातील वैर रस्त्यावर आले.