उपासाचे ताट आणि स्थानकाचा जिना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली. १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणपर्यंत आले. हे आपण मुलांना शिकवतो. त्या रुळांनी ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील माणसांच्या जेवणावर व हालचालींवर काय परिणाम केला, हे मात्र शिकवायचे राहून जाते.

१९६० नंतरच्या दशकांत गिरगाव-दादरची अनेक बिऱ्हाडे डोंबिवलीकडे सरकली आणि घराचे घड्याळ लोकलच्या वेळापत्रकाला बांधले गेले. सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन स्थानकापर्यंत पायी जायचे, पुलाचे जिने चढायचे-उतरायचे, गाडीत तासभर उभे राहायचे, आणि रात्री नऊ-साडेनऊला पोटभर जेवायचे. या धावपळीला कोणी व्यायाम म्हणत नव्हते. शिक्षकांची शाळा घराजवळ असली तरी दिवसातले चार-पाच तास फळ्यासमोर उभे राहणे आणि तासागणिक मजले चढणे त्यांनाही चुकत नव्हते. मग ५८व्या वर्षी निवृत्तीचा समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते, आणि दुसऱ्या दिवसापासून जिना बंद होतो. जेवण मात्र तेवढेच राहते.

उतारवयात व्यायाम, उपास आणि आहार यांच्या सवयी कशा टिकतात, याचे उत्तर शोधताना आपल्याच प्रांताचा इतिहास बराच उपयोगी पडतो. तो पाहू.

जिन्याचे मोल

जिना चढण्याचे मोल प्रथम मोजले गेले ते लंडनमध्ये. जेरी मॉरिस या संशोधकाने तेथील वाहतूक कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीच्या नोंदी तपासल्या. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाला साधारण ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. दोघांचा सामाजिक स्तर जवळपास सारखाच. तरीही वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले, आणि ज्यांना झाला त्यांनाही तो तुलनेने सौम्य व उशिरा झाला. हे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या कथेचा पुढचा भाग वर्गात अवश्य सांगावा. मॉरिस यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. चालक मुळातच जाड असतील तर? त्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या. नोकरीला लागतानाच चालकांची कंबर वाहकांपेक्षा मोठी होती, असे १९५६ मध्ये त्यांनीच जाहीर केले, आणि पुढे इतर व्यवसायांतील लोकांवर अभ्यास करून मूळ कल्पना पुन्हा तपासली. ती टिकली. मॉरिस २००९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे वय ९९ होते.

औंध, लोणावळे आणि ठाणे

महाराष्ट्रात व्यायामाला मोजमापाची शिस्त लावण्याचे काम दोन ठिकाणी झाले. पहिले औंध संस्थान. तेथील राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आधी युजेन सँडो या युरोपीय पहिलवानाच्या पद्धतीने काही वर्षे व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि संस्थानातील शाळांतही त्यांनी ते सुरू केले. नमस्कारांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनच्या वाचकांसमोर आले, तेव्हा ते स्वतः सत्तर वर्षांचे होते. नमस्काराला उपकरण लागत नाही, जागा चटईएवढी पुरते, आणि मुख्य म्हणजे तो मोजता येतो. आज बारा, पुढच्या महिन्यात पंधरा. आकडा वाढवता येतो, तसाच आजारपणानंतर लाज न बाळगता कमीही करता येतो.

दुसरे ठिकाण लोणावळे. स्वामी कुवलयानंदांनी (१८८३–१९६६) १९२४ मध्ये तेथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडते हे क्ष-किरण आणि दाबमापकांच्या साहाय्याने तपासण्याचे प्रयत्न त्यात छापले जात. अनुभवाला मोजमापाची जोड देण्याची ही वृत्ती त्या काळी दुर्मीळ होती.

हे लोण आपल्या परिसरात रुजले ते मंडळांमुळे. ठाण्यातील घंटाळी मित्र मंडळाचे योगवर्ग, हठयोगी निकम गुरुजींच्या अंबिका योग कुटीराचे विनामूल्य वर्ग, कल्याणचे नमस्कार मंडळ आणि ठिकठिकाणचे ज्येष्ठ नागरिक संघ यांनी लाखमोलाची एक गोष्ट पुरवली. ती म्हणजे ठरलेली वेळ आणि ‘काल का आला नाहीत?’ असे विचारणारी माणसे. लोकलने तीस वर्षे जे वेळापत्रक दिले होते, त्याची जागा घेऊ शकेल असे दुसरे काही निवृत्त माणसाजवळ सहसा नसते.

आता या वयात स्नायू काय वाढणार, असे अनेकांना वाटते. १९९० मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा व्यक्तींना आठ आठवडे पायांच्या स्नायूंसाठी वजने उचलण्याचा व्यायाम दिला गेला. एकाने तो अर्ध्यावर सोडला. उरलेल्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. गट लहान होता, पण नव्वदीतला स्नायूही कामाला लावल्यास प्रतिसाद देतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

उपासाच्या ताटात अमेरिका

आता उपासाकडे वळू. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. तिच्यामागे वनस्पतींच्या प्रवासाचा मोठा इतिहास आहे. आज आपल्या उपासाच्या ताटात साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे, हिरवी मिरची आणि राजगिरा असतो. यांतील एकही पीक मूळचे भारतातले नाही. सारी दक्षिण किंवा मध्य अमेरिकेतील आहेत आणि कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच त्यांचा इकडे प्रवास झाला. व्रताचे जुने नियम ठरले तेव्हा ही पिके कोणाला ठाऊकच नव्हती. वर्ज्य धान्यांच्या यादीत ती नव्हती, म्हणून ती चालू लागली, असा तर्क करता येतो. वरी, शिंगाडा, सुरण हे जुने फराळाचे पदार्थ मात्र आपल्याकडचेच.

साबुदाण्याची कथा तर आणखी वेगळी. पूर्वी तो मलायाकडील सागो ताडाच्या गाभ्यापासून होत असे; त्याचे नावही तिकडूनच आले. कसाव्हाचे कंद त्रावणकोरमध्ये रुजवण्यास विशाखम तिरुनाळ महाराजांनी (राज्यकाल १८८०–१८८५) उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारा माल थांबला आणि तमिळनाडूतील सेलम भागात या कंदांपासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. म्हणजे आपण ज्याला परंपरेचा फराळ समजतो, तो आजच्या रूपात शंभर वर्षांचाही नाही.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा सुमारे ३५० किलोकॅलरी, पण प्रथिने फक्त ०.२ ग्रॅम. तीन ताटांचा हिशेब मांडून पाहू.

पहिले ताट: साबुदाणा ७५ ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅम, बटाटा ५० ग्रॅम आणि तूप २० ग्रॅम घालून केलेली खिचडी. ऊर्जा सुमारे ६६० किलोकॅलरी, प्रथिने साडेआठ ग्रॅम. तीही जवळजवळ सगळी शेंगदाण्यांची.

दुसरे ताट, रोजचे: ज्वारीच्या दोन भाकरी, तुरीची आमटी, पालेभाजी, ताक. ऊर्जा सुमारे ५५० किलोकॅलरी, प्रथिने २० ग्रॅम.

तिसरे ताट, उपासाचेच: ६० ग्रॅम वरीचा भात, ३० ग्रॅम शेंगदाण्यांची आमटी, वाटीभर दही, चमचाभर तूप. ऊर्जा सुमारे ५०० किलोकॅलरी, प्रथिने १८ ग्रॅम.

तिसरे ताट कोणा आहारतज्ज्ञाने नव्याने शोधलेले नाही. ते आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातलेच आहे. उपास न मोडता ताट बदलता येते.

कमी खाणे आणि काय गमावणे

कमी खाण्याच्या शास्त्रीय इतिहासाची सुरुवात बहुधा क्लाइव्ह मॅके यांच्यापासून सांगितली जाते. १९३५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की पोषक घटक पुरेसे, पण ऊर्जा कमी असा आहार दिलेले उंदीर अधिक काळ जगतात. उपाशी पेशी आपल्याच आतील जुने घटक मोडून पुन्हा वापरते. या क्रियेची यंत्रणा यीस्टमध्ये उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो घरोघरी नेला. दोन वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण, मधे काही नाही, आणि रोज चालणे. सारखे तोंड चालू ठेवण्याच्या सवयीला त्यामुळे आळा बसला, हे मान्य केले पाहिजे.

परंतु उंदीर आणि यीस्ट यांच्यावरून पासष्टीच्या माणसाविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत ११६ स्थूल व्यक्तींवर १२ आठवडे एक प्रयोग झाला. एका गटाने दिवसातील आठ तासांतच खायचे होते, दुसऱ्याने नेहमीप्रमाणे तीन वेळा. दोन्ही गटांच्या वजनातील घटीत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ज्यांची सविस्तर शरीररचना मोजली, त्यांच्यात आठ तासांच्या गटाच्या हातापायांतील चरबीविरहित भाग, म्हणजे मुख्यतः स्नायू, अधिक घटलेला दिसला.

आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण येथे आठवते. डोंबिवलीत राहणारे, वय ६६. एक व्याख्यान ऐकून त्यांनी स्वतःच्या मनाने एकभुक्त राहायला सुरुवात केली. शनिवारी आणि एकादशीला तर केवळ खिचडी. सहा महिन्यांत सात किलो वजन उतरले. सर्वांनी अभिनंदन केले, आम्हीही केले. एके दिवशी ते म्हणाले, ‘‘गाडीत चढताना पाय उचलत नाही हो, दांडी धरून स्वतःला ओढून घ्यावे लागते.’’ सात किलोंत चरबी किती आणि मांडीचे स्नायू किती, हे वजनकाट्याने सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

वजनकाट्याची ही मर्यादा पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मोठ्या मिश्कीलपणे दाखवली आहे. २००४ मध्ये त्यांनी आपले आणि ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. अशा माणसाने उतारवयात नुसते खाणे तोडले, तर जे मुळात थोडे आहे तेच आणखी कमी होण्याचा धोका असतो.

टिकते काय?

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्याकडे ज्या सवयी पिढ्यान्पिढ्या टिकल्या, त्यांना तीन आधार होते: एकादशीसारखी ठरलेली तिथी, नमस्कारांसारखा मोजता येणारा आकडा, आणि मंडळाची सोबत. नुसत्या निश्चयावर त्या उभ्या नव्हत्या. हे आधार तसेच ठेवावेत आणि त्यांच्या आत काय भरायचे हे आजच्या ज्ञानानुसार ठरवावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वृद्धांसाठी दर किलोला १ ते १.२ ग्रॅम हवीत, असे तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये सुचवले. उपासाच्या दिवशीही हा हिशेब चालूच असतो.

दोन इशारे आवश्यक आहेत. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये. साखर एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने आपल्या मनाने वाढवू नयेत.

वर्गासाठी एक उपक्रम. हात न टेकता ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठून बसता येते, हे मुलांनी घरातील आजी-आजोबांच्या संमतीने मोजावे. खुर्ची भिंतीला टेकलेली असावी आणि शेजारी मोठे माणूस उभे असावे. पाश्चात्त्य देशांत ६५ ते ६९ वयोगटात पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी जमल्यास बळ कमी मानतात. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत.

त्या निवृत्त शिक्षकांनी तपासणी करून घेतली, दोन वेळचे जेवण आणि रोजचे ताक-वरण पुन्हा सुरू केले, आणि घराजवळच्या संघाच्या सकाळच्या वर्गात नाव घातले. खुर्चीवरून उठण्याचा त्यांचा आकडा सातावरून तेरावर आला आहे. वजन दोन किलोंनी वाढले, त्याची त्यांना फिकीर नाही. स्थानकावर आता सरकते जिने आहेत. ते मात्र शेजारच्या दगडी जिन्याने, कठडा धरून, पायऱ्या मोजत चढतात.