एका भाजीचीं अनेक नांवें

पाश्चात्य पद्धतीच्या जेवणांत कच्च्या हिरव्या पानांची जी भाजी वाढतात, त्या लेट्यूसच्या नांवांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तिचा देठ मोडला कीं दुधासारखा चीक स्रवतो. दुधाला लॅटिन भाषेंत ‘लाक्’ म्हणत. त्यावरून रोमन लोकांनीं या भाजीस ‘लाक्तूका’ म्हटलें. इंग्रजी ‘लेट्यूस’ व स्पॅनिश ‘लेचूगा’ हीं त्याच शब्दाचीं रूपें होत.

इ. स. च्या पहिल्या शतकांतील रोमन कृषिलेखक कोलुमेल्ला यानें हिच्या जाती वर्णिल्या आहेत. त्यांत एक कप्पादोकियाची, दुसरी सायप्रसची, तर तिसरी स्पेनमधील गादेसची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या जन्मगांवची. जातींना गांवांचीं नांवें देण्याची चाल इतकी जुनी आहे.

परंतु नांव ज्या गांवाचें, जन्मही त्याच गांवचा, असें समजणें धोक्याचें ठरतें. लांबट, उभ्या पानांच्या जातीस इंग्रज ‘कॉस’ म्हणतात व तिचा संबंध ग्रीसच्या कोस बेटाशीं जोडतात. फ्रेंच लोक तिलाच ‘रोमेन’, म्हणजे रोमची, म्हणतात. अरबींत लेट्यूसला ‘खस्स’ असा शब्द आहे, आणि ‘कॉस’ त्यावरूनच आला असेंही एक मत आहे. दावेदार असे अनेक! पण सेनुस्रेत पहिला या इजिप्तच्या राजानें सुमारें ४००० वर्षांपूर्वीं कर्णक येथें उभारलेल्या वास्तूंत मिन् देवाच्या शेजारीं अशींच उंच लेट्यूसचीं रोपें कोरलेलीं आहेत. त्या वेळीं रोम नगराचा पायाही घातला गेला नव्हता.

मग नांव सांगतें तरी काय? स्पेन आणि पोर्तुगाल हे शेजारी. पण स्पेननें लॅटिन नांव जतन केलें, तर पोर्तुगीज ‘आल्फास’ हा शब्द अरबी ‘अल्-खस्स’पासून आला. लिस्बन शहर ११४७ पर्यंत मुसलमानी अंमलाखालीं होतें. तो अंमल गेला, भाजीचें नांव मात्र राहिलें. इतकेंच नव्हे, तर लिस्बनवासीयांना आजही ‘आल्फासीन्या’, म्हणजे लेट्यूसचीं पिल्लें, असें थट्टेनें म्हणतात. आपल्याकडील युनानी वैद्यकांत हिचें बीं ‘तुख्म-ए-काहू’ म्हणून ओळखलें जातें. ‘काहू’ हा शब्द फारसी.

तात्पर्य, भाजीचें नांव ही तिची जन्मपत्रिका नव्हे. ती कोणाच्या हातून आपल्या दारीं आली, एवढीच तींत नोंद असते. आणि राज्यें लयास गेलीं तरी ती नोंद स्वयंपाकघरांत शिल्लक राहते.