पुलथ्रूची दोरी

एन.सी.सी.तल्या मंडळींना 'पुलथ्रू' म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. इतरांसाठी एवढंच, की थ्री-नॉट-थ्री रायफलच्या दस्त्यात पितळी झाकणामागे एक कप्पा असे. त्यात तेलाची लहान बाटली आणि टोकाला पितळी वजन लावलेली दोरी राहत असे. ती दोरी म्हणजे पुलथ्रू. परेडच्या आठवणी या स्मरणिकेत भरपूर येतीलच, म्हणून मी दोरीवर लिहितो.

ब्रिटिश फौजेने १८८८ साली ली-मेटफर्ड रायफल घेतली, तेव्हा नळीखाली धातूचा गज असे. १८९९ मध्ये लष्कराने तो काढून टाकला आणि साफसफाईची सगळी भिस्त दस्त्यातल्या दोरीवर आली. पुढे बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्यात बनलेल्या थ्री-नॉट-थ्रीबरोबर ही पद्धत आपल्याकडे रुजली. १९४८ साली एन.सी.सी. स्थापन झाली आणि शाळकरी पोरांच्या हातीही पुलथ्रू आली.

एवढी उठाठेव कशासाठी? काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचं क्षार होऊन नळीत बसे, आणि मीठ जसं पावसाळ्यात पाझरतं तसं ते हवेतलं पाणी ओढून घेई. आपल्याकडच्या श्रावणात मग काय, दोन दिवसांत गंज! तेलात हे क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. त्यामुळे फैरी झाल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतायचं, कोरडी करायची आणि मगच तेल. हे रसायन १९२०च्या दशकात नीट उलगडलं, पण उकळतं पाणी ओतणाऱ्या शिपायांना अनुभवाने ते आधीच कळलं होतं.

दोरीला तीन फासे. वजनाजवळचा तारेच्या जाळीसाठी, मधला चिंधीसाठी, आणि शेवटचा दोरी आत अडकली तर उलटी ओढून काढण्यासाठी. चिंधीचं मापही ठरलेलं: पुसायला ४ इंच बाय २ इंच, तेल द्यायला ४ बाय दीड. जाडजूड चिंधी कोंबली की दोरी तुटे, आणि नळीत अडकलेला बोळा काढणं हे शस्त्रकाराचं काम होऊन बसे. जाळी तर परवानगीशिवाय वापरायचीच नाही, कारण ती गंजाबरोबर नळीचं पोलादही खाते.

आता माझ्या मते खरी मेख. नळी साफ करणारी वस्तू स्वतः साफ नसेल तर ती शत्रूच. मैदानावर टाकलेल्या तेलकट दोरीला बारीक वाळू चिकटते, आणि तीच दोरी तिरकी ओढली की नळीच्या तोंडाची कड एका बाजूने झिजते. गोळी बाहेर पडताना शेवटचा आधार त्याच कडेचा असतो, म्हणून तिथे झीज झाली की नेम गेलाच. कित्येक रायफली गोळ्यांपेक्षा अशा साफसफाईने म्हाताऱ्या झाल्या. म्हणून दोरी ब्रीचकडून घालायची, सरळ रेषेत एका दमात ओढायची. काम झालं की ती पुसायची, ओली असेल तर वाळवायची, धागे उसवलेत का हे बोटांनी चाचपायचं, आणि उसवलेली दोरी नळीत न घालता बदलून घ्यायची. वजनावरची माती झाडून, नीट गुंडाळून मगच ती कप्प्यात जाई.