डायना एडुलजी आणि महिला क्रिकेटचे पहिले दिवस



आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खान सर्वांना ठाऊक आहे. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले, तेव्हा इकडच्या प्रत्येक मुलाला वाटले की हा आपल्यातलाच. मुलाने बॅट मागितली तर आपण कुरकुर करीत का होईना, ती आणून देतो. मुलीने मागितली तर? या प्रश्नाचे उत्तर मनात ठेवूनच पुढील हकीकत वाचावी अशी विनंती आहे.

डायना एडुलजी यांचा जन्म २६ जानेवारी १९५६ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. बालपण रेल्वे वसाहतीत गेले. वसाहतीतील मुलांबरोबर टेनिसच्या चेंडूने खेळता खेळता त्यांना क्रिकेटचा नाद लागला. त्याआधी बास्केटबॉल आणि टेबल टेनिसमध्ये कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत त्यांची मजल गेली होती. पुढे माजी कसोटीपटू लाला अमरनाथ यांच्या शिबिरात त्यांच्या डावखुऱ्या फिरकीला वळण लागले. सुरुवातीच्याच काळात चेंडू तोंडावर बसून समोरचे चार दात गेले. कल्पना करा, आपल्या घरात असे झाले असते तर त्याच संध्याकाळी खेळ बंद झाला असता, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही आईवडिलांची बाजू घेतली असती! डायनाबाई मात्र पुन्हा मैदानावर गेल्या. त्यांची बहीण बेहरोझ हीदेखील भारताकडून खेळली.

परंतु एकट्या मुलीच्या जिद्दीने खेळ उभा राहत नाही. त्याला संस्था लागते, आणि संस्थेला समाजात वजन असलेले नाव लागते. १९७३ साली लखनौ येथे महेंद्रकुमार शर्मा यांच्या खटपटीने भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली. तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या बेगम हमीदा हबीबुल्ला. आपल्या समाजातील फार थोड्यांना ही गोष्ट माहीत आहे, म्हणून ती मुद्दाम विस्ताराने सांगतो.

हमीदा बेगम यांचे बालपण हैदराबादेत गेले. त्यांचे वडील तेथील हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. बेगमसाहेबांनी लंडनला जाऊन शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. त्यांचे पती मेजर जनरल इनायत हबीबुल्ला म्हणजे पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे पहिले प्रमुख. सासूबाई बेगम इनाम हबीबुल्ला यांनी लखनौत मुलींसाठी 'तालीमगाह-ए-निस्वाँ' ही संस्था काढली होती, तिची धुरा पुढे सूनबाईंनी वाहिली. त्या उत्तर प्रदेशात आमदार व राज्यमंत्री होत्या, नंतर राज्यसभेतही गेल्या. मुलींच्या तालमीचे काम करणाऱ्या बाईंना मुलींच्या क्रिकेटचे वावडे वाटले नाही. एकीचे काम पाटी-पुस्तकाचे आणि दुसरीचे बॅट-बॉलचे, म्हणून दोन्ही मुली वेगळ्या मानण्याचे त्यांना काही कारण दिसले नसावे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिली आंतरराज्य महिला स्पर्धा आपल्या पुण्यात भरली. संघ आले अवघे तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षअखेरीस वाराणसीच्या दुसऱ्या स्पर्धेत ते आठ झाले. पैसा मात्र नव्हता. मुली रेल्वेच्या बिनआरक्षणाच्या डब्यातून प्रवास करीत, वसतिगृहांत मुक्काम ठोकीत, आणि मोजक्या बॅटी आळीपाळीने वापरीत. आरक्षणाशिवाय लांबचा प्रवास काय असतो, हे मनमाडला गाडी बदललेल्या वाचकांना सांगणे नको.

३१ ऑक्टोबर १९७६ रोजी बंगलोर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध भारतीय महिलांची पहिली कसोटी सुरू झाली. कर्णधार शांता रंगस्वामी होत्या आणि २० वर्षांच्या डायना एडुलजी संघात होत्या. पुढच्याच महिन्यात पाटण्याला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. ज्या मैदानावर तो मिळाला त्याला सय्यद मोहम्मद मोईन-उल-हक या शिक्षणतज्ज्ञाचे व क्रीडासंघटकाचे नाव आहे. शिक्षण आणि खेळ यांत हाडवैर आहे असे समजणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

जानेवारी १९७८ मध्ये महिलांचा विश्वचषक भारतात झाला. भारतीय महिलांचा तो पहिलाच एकदिवसीय सामना, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर, आणि कर्णधार २१ वर्षांच्या एडुलजी. भारत तिन्ही सामने हरला. यश पहिल्याच पावलाला मिळत नाही, हे दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींना वेगळे सांगायला नको.

१९८२ चा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये होता. देशासाठी खेळायला जाणाऱ्या खेळाडूंनाच प्रत्येकी १०,००० रुपये भरण्यास सांगण्यात आले! ही रक्कम त्या काळी मध्यमवर्गीय घराला पेलणारी नव्हती. एडुलजींनी स्वतः पुढे सांगितले आहे की महाराष्ट्रातील चौघी खेळाडू तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्याकडे गेल्या आणि त्यांनी पैशांची सोय करून दिली. बॅरिस्टरसाहेबांच्या राजकारणाविषयी मतभेद असतील, पण त्या चार मुली त्यांच्या दारातून रिकाम्या हाताने परतल्या नाहीत.

आता पालकांचा नेहमीचा सवाल : खेळून पोट भरते का? पहिल्या पिढीला खेळातून पगार असा नव्हताच. डायनाबाईंना पश्चिम रेल्वेत नोकरी मिळाली, तेव्हा कुठे पाय टेकायला जमीन झाली. त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. इतर महिला क्रिकेटपटूंनाही रेल्वेने नोकऱ्या द्याव्यात म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. माझ्या मते त्यांच्या २० कसोटींतील ६३ बळींपेक्षाही हे काम मोठे आहे. बळी त्यांच्या नावावर जमा झाले, पगार दुसऱ्यांच्या घरात गेले.

रेल्वेच्या संघातूनच नूशीन अल खदीर पुढे आली. ७८ एकदिवसीय सामन्यांत १०० बळी घेणारी ही ऑफस्पिनर नंतर प्रशिक्षक झाली, आणि २०२३ च्या जानेवारीत तिच्या हाताखालील १९ वर्षांखालील मुलींनी दक्षिण आफ्रिकेत पहिला विश्वचषक जिंकला. २००६ मध्ये महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने पुरुष व महिला खेळाडूंचे सामना-मानधन सारखे केले : कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, वीस षटकांच्या सामन्याला ३ लाख रुपये. दहा हजारांसाठी मुख्यमंत्र्यांचे दार ठोठावणाऱ्या चौघींशेजारी हे आकडे ठेवून पाहा.

पंजाबातील मोगा गावच्या हरमनप्रीत कौरला पश्चिम रेल्वेत घ्यावे म्हणूनही एडुलजींनी शब्द टाकला होता. २०१४ मध्ये ती मुंबईला नोकरीवर आली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्णधार तीच होती.